परत मिळणारं आणि न मिळणारं: घरच्या कॉम्प्युटरवरची पार्टिशन्स आणि फोल्डर नीट लावताना

काही वर्षांपूर्वी माझ्या बहिणीचा कॉम्प्युटर सुरू होईना. दुरुस्त करणाऱ्याने फोनवर विचारलं, "ताई, डेटा डीमध्येच आहे ना?" ती म्हणाली, "हो, डीमध्येच." त्याने सी फॉरमॅट करून, म्हणजे पूर्ण पुसून, विंडोज नव्याने टाकलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. डी ड्राइव्हवर सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइल्स जशाच्या तशा होत्या. पण मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये होते. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हवरचाच एक फोल्डर असतो हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सिनेमे वाचले, फोटो गेले.

तेव्हापासून कुणाचाही कॉम्प्युटर लावून द्यायला बसलो की मी प्रत्येक फोल्डरबद्दल एकच प्रश्न विचारतो: हे गेलं तर परत मिळेल का? विंडोज परत टाकता येतं. प्रोग्रॅम, गेम्स, ड्रायव्हर पुन्हा उतरवून घेता येतात. घरचे फोटो, स्वतः लिहिलेलं काहीही, हिशेब, स्कॅन केलेली कागदपत्रं मात्र कुठूनही परत मिळत नाहीत. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या, एवढ्यासाठीच पुढचा सगळा खटाटोप आहे.

आधी आहे ते नीट बघा

विंडोज की दाबून ठेवून एक्स दाबा. जी यादी उघडेल त्यात 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. खिडकीच्या खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसते: डिस्क ०, डिस्क १ अशी. पट्टीतला प्रत्येक चौकोन म्हणजे एक पार्टिशन, डिस्कचा वेगळा पाडलेला भाग; सी, डी ही अशाच भागांची अक्षरं. इथे काहीही न बदलता पाच मिनिटं नुसतं बघा आणि कागदावर चित्र काढून घ्या: कुठल्या डिस्कवर कोणतं पार्टिशन, किती जीबीचं, त्यात किती जागा रिकामी.

डिस्क ५१२ जीबीची घेतली आणि दिसतात ४७६, म्हणून घाबरू नका. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. त्याच हिशेबाने एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते. काहीही चोरीला गेलेलं नसतं.

पट्टीत सीच्या आजूबाजूला दोन-तीन छोटी, ड्राइव्हचं अक्षर नसलेली पार्टिशन्सही असतील. साधारण १०० एमबीचं 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' असतं, त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू होतो. काहीशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन असतं, ते बिघाडाच्या वेळी उपयोगी पडतं. जागा वाचवायच्या नादात यांना हात लावू नका. मिळणारी जागा नगण्य असते, आणि पहिलं उडवलंत तर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही.

किती पार्टिशन्स करायची?

माझं मत स्पष्ट आहे: दोन. एक विंडोजचं आणि एक तुमचं. 'गाणी', 'फोटो', 'ऑफिस', 'इतर' अशी पाच-पाच पार्टिशन्स केलेले कॉम्प्युटर मी पाहिलेत. वर्षभरात त्यातलं एक तुडुंब भरतं, बाकीच्यांत जागा नुसती पडून राहते, आणि मग फोटो 'गाणी'मध्ये जाऊन बसतात. वर्गवारी हे फोल्डरचं काम आहे. पार्टिशनची भिंत एकदा बांधली की हलवणं त्रासाचं असतं. फोल्डर हवा तेव्हा मोठा होतो.

डिस्क २५६ जीबीची किंवा त्याहून लहान असेल तर मी पार्टिशन करतच नाही. विंडोज ११ला किमान ६४ जीबी लागतात असं मायक्रोसॉफ्टच सांगते, पण ते किमान झालं. अपडेट, प्रोग्रॅम आणि तात्पुरत्या फाइल्स धरून सी ड्राइव्ह सहज १५० जीबीपर्यंत जातो. उरलेल्या चिंचोळ्या जागेत डी काढून दोन्हीकडे ओढाताण होते. अशा वेळी सगळं सीवरच ठेवा आणि लेखातला बॅकअपचा भाग दुप्पट काळजीने वाचा.

५१२ जीबीच्या डिस्कवर सीला सुमारे २०० जीबी द्या, बाकीची जागा डीला. एक टीबीवर सीला २५० ते ३०० पुरतात. मोठे गेम खेळणारं कुणी घरात असेल तर ४०० द्या, कारण एकेक गेम शंभर जीबीच्या घरात जातो. कॉम्प्युटरमध्ये लहान एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) आणि मोठी जुन्या धर्तीची हार्ड डिस्क अशा दोन डिस्क असतील तर प्रश्नच मिटला. एसएसडी अख्खी विंडोजला, हार्ड डिस्क अख्खी तुम्हाला.

पार्टिशन केल्याने कॉम्प्युटरचा वेग वाढतो असं अजूनही सांगितलं जातं. एसएसडीवर त्यात काही तथ्य नाही. उलट एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते, म्हणून दहा-पंधरा टक्के जागा मोकळीच राहू द्या.

सी लहान करून डी काढणे

सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी. जे परत न मिळणारं आहे त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. हे काम बहुतेक वेळा सुरळीत होतं, पण मध्येच वीज गेली तर काय होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर जोडून ठेवा. आणि डिस्क बिटलॉकरने (डेटा सांकेतिक करून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीने) कुलूपबंद आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप आपल्या नकळत लागलेलं असू शकतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. काही कारणाने विंडोजने ती मागितली आणि तुमच्याकडे नसली, तर तुमची स्वतःची डिस्क तुम्हालाच उघडता येणार नाही.

आता डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीच्या चौकोनावर राइट-क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. थोडा वेळ विचार करून विंडोज एक चौकट दाखवतं. तिच्यात चार आकडे असतात: आत्ताचा एकूण आकार, जास्तीत जास्त किती कमी करता येईल, तुम्हाला किती कमी करायचं आहे, आणि त्यानंतर सी किती उरेल. बदलता येतो तो फक्त तिसरा. इथे दोन ठिकाणी लोक चुकतात. एक, हा आकडा सीचा नवा आकार नसून सीमधून *काढून घ्यायची* जागा आहे. दोन, तो एमबीमध्ये आहे. २५० जीबी काढायचे असतील तर २५० गुणिले १०२४, म्हणजे २५६००० लिहा. नुसते २५० लिहिलेत तर पाव जीबीचा एक निरुपयोगी तुकडा हाती येईल. 'श्रिंक' दाबण्याआधी चौथा आकडा वाचा. सी जितका उरायला हवा तितकाच तिथे दिसला पाहिजे.

कधीकधी सीमध्ये ३०० जीबी रिकामे असूनही विंडोज म्हणतं की फक्त ४० कमी करता येतील. कारण असं की पार्टिशनच्या शेवटाकडे अशा काही फाइल्स बसलेल्या असतात ज्या चालू विंडोजला हलवता येत नाहीत: पेज फाइल (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी), हायबरनेशनची फाइल (बंद करताना उघडी कामं जपणारी), सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी (विंडोज आधीच्या स्थितीत नेण्यासाठीच्या). सिस्टिम रिस्टोअर आणि पेज फाइल तात्पुरती बंद करा, हायबरनेशनही बंद करा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून परत प्रयत्न करा. काम झालं की तिन्ही पुन्हा चालू करायला विसरू नका. एवढं करूनही जागा सुटली नाही तर पार्टिशन हलवणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ते वापरणार असाल तर आधीची प्रत नुसती असून भागत नाही, ती उघडते हेही तपासलेलं हवं.

श्रिंक झालं की पट्टीत काळ्या कडेचा 'अनअलोकेटेड' चौकोन दिसतो. त्यावर राइट-क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'. आकार जो येईल तोच राहू द्या, अक्षर डी किंवा जे मोकळं असेल ते, फाइल सिस्टिम (फाइल्स साठवण्याची पद्धत) एनटीएफएस, 'क्विक फॉरमॅट'वर खूण. 'व्हॉल्यूम लेबल'च्या जागी मात्र ठळक नाव द्या: 'घरचं', 'माझं', काहीही, पण 'न्यू व्हॉल्यूम' नको. या नावाचं महत्त्व पुढे विंडोज नव्याने टाकायच्या दिवशी कळेल.

जुन्या कॉम्प्युटरवर याच टप्प्याला एक इशारा येऊ शकतो की डिस्क 'डायनॅमिक' करावी लागेल. तिथे 'नो' म्हणा. पार्टिशन्सची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन्स बसतात. ती भरली की विंडोज हा पर्याय पुढे करतं, आणि त्यातून सुखरूप माघारी येणं अवघड असतं. नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर ही अडचण येत नाही, तिथे विंडोज १२८ पार्टिशन्स करू देतं.

पुढे कधी सी कमी पडला तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' आहेच, पण ते तेव्हाच चालतं जेव्हा रिकामी जागा सीच्या लगेच उजवीकडे असते. मध्ये डी बसलेला असताना डीच्या शेवटी मोकळी केलेली जागा सीला मिळत नाही. म्हणून सुरुवातीला सीला हात थोडा सैल सोडा.

वैयक्तिक फोल्डर डीवर नेणे

बहुतेक लोक डी तयार करून थांबतात, आणि घोळ तिथेच होतो. डी तयार असला तरी प्रत्येक प्रोग्रॅम 'सेव्ह' म्हटलं की 'डॉक्युमेंट्स'मध्येच नेऊन ठेवतो, आणि तो सीवर आहे. रोज आठवणीने डी निवडण्यावर विसंबू नका, फोल्डरच हलवा.

डीवर आधी प्रत्येकासाठी वेगळा रिकामा फोल्डर करा: डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक, डेस्कटॉप, डाउनलोड्स. मग फाइल एक्सप्लोररमध्ये 'डॉक्युमेंट्स'वर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, तिथे 'लोकेशन' टॅबवर जा, 'मूव्ह' दाबा, डीवरचा डॉक्युमेंट्स फोल्डर निवडा आणि 'अप्लाय' करा. जुन्या फाइल्स नव्या ठिकाणी न्यायच्या का असं विचारलं जाईल; 'येस' म्हणा. बाकीच्या फोल्डरांनाही एकेक करून हेच. डेस्कटॉप विसरू नका. आमच्या घरी तोच विसरला गेला होता.

फाइल्स खूप असतील तर वेळ लागेल. एकाच पार्टिशनवर फाइल इकडून तिकडे नेली तर फक्त तिच्या पत्त्याची नोंद बदलते, म्हणून ते क्षणात होतं. सीवरून डीवर नेताना अख्खी फाइल नव्याने लिहून जुनी पुसली जाते. चाळीस जीबीचे व्हिडिओ हलत असताना लॅपटॉपचं झाकण मिटू नका.

दोन चुका हमखास होतात. थेट डी ड्राइव्हच्या मुळाशी 'डॉक्युमेंट्स' नेऊ नका. तसं केलं की अख्खा डी म्हणजेच डॉक्युमेंट्स असं विंडोज धरून चालतं आणि ते सोडवताना नाकी नऊ येतात. आणि दोन फोल्डरांना एकच जागा देऊ नका, ते एकमेकांत मिसळतात.

वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्याचा) 'बॅकअप' चालू असेल तर तुमचा डॉक्युमेंट्स आधीच वनड्राइव्हच्या फोल्डरात गेलेला असतो. आधी वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून त्या फोल्डरचा बॅकअप थांबवा, फाइल्स नक्की कुठे आहेत ते डोळ्यांनी पाहून घ्या, मगच हलवा. आणि काही झालं तरी अख्खा 'युजर्स' फोल्डर उचलून डीवर टाकायच्या भानगडीत पडू नका. त्यात प्रोग्रॅमांचे लपलेले फोल्डर असतात, आणि ते जागच्या जागी असायला लागतात.

त्याच लपलेल्या फोल्डरांमुळे थोडं काही सीवर उरतंच: ब्राउझरचे बुकमार्क, काही मेल प्रोग्रॅमांची पत्रं, काही गेमची प्रगती. बुकमार्क अधूनमधून एक्स्पोर्ट करून डॉक्युमेंट्समध्ये ठेवा. मेल कुठे साठतात ते त्या प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये एकदा बघून कागदावर टिपून ठेवा.

आतले फोल्डर

इथे प्रत्येकाची पद्धत वेगळी असणार. माझी कसोटी एवढीच की घाईत असताना माझा हात पहिल्यांदा कुठे जाईल. डॉक्युमेंट्सच्या आत माझ्याकडे सहाच फोल्डर आहेत: कागदपत्रं, पैसे, घर, काम, लेखन, जुनं. सातवा करायचा मोह झाला की आधी या सहांत तो बसतो का ते पाहतो.

'कागदपत्रं' जरा उघडून दाखवतो. आत माणसागणिक एक फोल्डर: आई, बाबा, मी, ताई. आईच्या फोल्डरात अशा फाइल्स आहेत:

२०१९-०३-११ पासपोर्ट
२०२२-०६-०२ डोळ्यांची तपासणी
२०२३-०८-१४ विमा नूतनीकरण पावती

तारीख कागदावरची, स्कॅन केल्याची नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि एक आकडी असेल तर आधी शून्य. असं लिहिलं की नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात तारीख याच क्रमाने लिहितात. फाइलची 'डेट क्रिएटेड' बघून भागत नाही, कारण फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली की ती तारीख कॉपीच्या दिवसाची होते. नावातली तारीख कुठेही गेली तरी नावासोबत राहते.

नावं मराठीतून द्यायला काहीच हरकत नाही. युनिकोडमधलं मराठी विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे नीट दिसतं. आकडे मात्र देवनागरी किंवा रोमन, जे घ्याल ते कायम ठेवा, नाहीतर क्रम विस्कटतो. फोल्डरात फोल्डर अशी सात-आठ मजल्यांची उतरंडही टाळा. विंडोजवर बऱ्याच प्रोग्रॅमांना संपूर्ण पत्ता धरून सुमारे २६० अक्षरांपुढे जाता येत नाही, आणि मग फाइल डोळ्यांसमोर असून उघडत नाही.

फोटोंसाठी वर्ष आणि त्याच्या आत प्रसंग, एवढं पुरतं: २०२१, त्यात '२०२१-०५ ताईचं नवं घर'. फोन आणि कॅमेरा प्रत्येक फोटोच्या आत काढल्याची तारीख नोंदवून ठेवतात, त्यामुळे मूळ फाइल जपली तर पुढे कधीही क्रम लावता येतो. मेसेजमधून आलेल्या फोटोत ती नोंद बहुधा नसते आणि आकारही कमी केलेला असतो. म्हणून घरच्या प्रसंगांचे फोटो ज्याने काढले त्याच्या फोनमधून केबलने घ्या. ही खटपट मला नेहमीच करण्याजोगी वाटत आली आहे.

'डाउनलोड्स' हा उंबरठा समजा. तिथे वस्तू येते आणि आत तरी जाते किंवा बाहेर तरी. महिन्यातून एकदा तो तारखेप्रमाणे लावा, कामाचं त्याच्या फोल्डरात हलवा, उरलेलं पुसा.

मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी

मॅकवर हे बरंचसं आधीच केलेलं असतं. फाइल्स साठवण्याच्या २०१७ पासूनच्या एपीएफएस पद्धतीत एका डिस्कवरचे व्हॉल्यूम (पार्टिशनसारखे भाग) रिकामी जागा वाटून घेतात, आणि २०१९च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीपासून सिस्टिम आणि तुमचा डेटा वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर असतात. तिथे हाताने पार्टिशन पाडू नका, फोल्डर आणि बॅकअपकडे बघा.

लिनक्स टाकताना 'होम' (तुमच्या फाइल्सचा फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर घ्या. पुढच्या वेळी नवी आवृत्ती टाकाल तेव्हा त्याच पार्टिशनला 'होम' म्हणून जोडा, 'फॉरमॅट'ची खूण काढा, आणि वापरकर्त्याचं नाव पूर्वीचंच द्या. विंडोजही सोबत असेल तर विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' (झटपट सुरू होण्याची सोय) बंद करा. ते चालू असताना विंडोजची पार्टिशन्स लिनक्सवर बऱ्याचदा फक्त वाचता येतात.

डी म्हणजे बॅकअप नव्हे

सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत. डिस्क गेली की दोन्ही गेले. पार्टिशनमुळे विंडोजच्या बिघाडापासून बचाव होतो. डिस्क मरण्यापासून, लॅपटॉप चोरीला जाण्यापासून किंवा खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून होत नाही. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर, असा जुना नियम आहे आणि मी तो पाळतो: कॉम्प्युटरवरचा डी, बाहेरची डिस्क, आणि तिसरी प्रत क्लाउडवर.

बाहेरची डिस्क विंडोजपुरती असेल तर एनटीएफएस, मॅकवरही लावायची असेल तर एक्सफॅट करा. फॅट३२ नको, तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि लांबलचक व्हिडिओ अडतो. प्रत झाली की डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क व्हायरसच्या तावडीत कॉम्प्युटरबरोबरच सापडते. दर तीन-चार महिन्यांनी त्या डिस्कवरच्या दहा-बारा फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. फाइल्सची यादी दिसली म्हणजे त्या उघडतातच असं नाही.

विंडोज नव्याने टाकायचा दिवस

कॉम्प्युटर सुरू होत असेल तर सेटिंग्जमधल्या 'रीसेट धिस पीसी'ने काम होतं. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलंत तर कुठले ड्राइव्ह साफ करायचे ते विंडोज दाखवतं. फक्त विंडोज असलेलाच निवडा, सगळे नाही.

पेन ड्राइव्हवरून टाकत असाल तर 'विंडोज कुठे टाकायचं' या पडद्यावर थांबा. तिथे सी, डी अशी अक्षरं नसतात. 'पार्टिशन १', 'पार्टिशन २', दिलेलं असेल तर लेबल, आणि शेजारी आकार एवढंच असतं. पहिल्या दिवशी काढलेला कागद आता समोर घ्या, आकार जुळवा, तुम्ही दिलेलं लेबल शोधा. फॉरमॅट फक्त जुन्या सीचं करा. दुसरं कुणी हे काम करून देणार असेल तर तो कागद त्याच्या हातात द्या आणि "डेटा डीमध्ये आहे" एवढ्यावर भागवू नका. कोणतं पार्टिशन, किती जीबीचं, त्याचं नाव काय, हे बोट ठेवून दाखवा.

विंडोज सुरू झालं की डी जसाच्या तसा दिसेल. अक्षर बदललेलं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून पूर्वीचं द्या. जुने फोल्डर उघडताना परवानगी मागितली जाईल, 'कंटिन्यू' म्हणा. मग पुन्हा तेच: डॉक्युमेंट्सवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि डीवरचा जुनाच फोल्डर निवडा. डेस्कटॉपलाही त्याची जुनी जागा दाखवलीत की गेल्या आठवड्यात तिथे ठेवलेल्या फाइल्स जिथल्या तिथे परत दिसू लागतील.